टर्मिनलची रेकॉर्डिंग्ज आपल्याच सर्व्हरवर: ॲस्किनेमा समजून घेताना

टीममध्ये नवीन कुणी आलं की पहिले पंधरा दिवस त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लागते: कुणीतरी समोर बसून करून दाखवणं. बॅकअप परत कसा चढवायचा, अडकलेली सेवा कोणत्या क्रमाने बंद-चालू करायची, नवं प्रमाणपत्र कुठे टाकायचं. प्रत्येक वेळी समोर बसायला वेळ नसतो, म्हणून आपण स्क्रीनशॉट पाठवतो. स्क्रीनशॉटमधली कमांड कॉपी होत नाही, आणि दोन स्क्रीनशॉटच्या मधे काय घडलं ते कळत नाही. मग कुणीतरी पडद्याचा व्हिडिओ करतो. तो भरमसाट मोठा होतो, मोबाईलवर अक्षरं पुसट दिसतात, आणि कमांड तरीही कॉपी करता येत नाही.

या अडचणीवर बरीच वर्षं एक चांगलं उत्तर आहे. मार्चिन कुलिक यांनी २०११ पासून विकसित केलेलं ॲस्किनेमा हे मुक्त सॉफ्टवेअर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, जे घडतं ते नोंदवून ठेवतं आणि ब्राउझरमध्ये जसंच्या तसं पुन्हा चालवून दाखवतं. त्याची सार्वजनिक साइट आहे, तिथे कुणीही रेकॉर्डिंग चढवू शकतो. पण कामाच्या ठिकाणच्या टर्मिनलमध्ये आतल्या मशीनची नावं, आयपी पत्ते, ग्राहकांचा डेटा दिसत असतो. तो बाहेरच्या सर्व्हरवर जाऊ नये असं वाटणं रास्तच आहे. त्यासाठी हाच सर्व्हर आपल्या मशीनवर उभा करता येतो. सर्व्हरचा परवाना अपाचे २.० आहे, त्यामुळे कंपनीत वापरायलाही अडचण नाही.

उभा करण्याचं काम अर्ध्या दुपारचं आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की आत नेमकं काय साठतं ते आधी नीट समजून घ्यावं. पुढच्या बहुतेक सगळ्या निर्णयांचं उत्तर तिथेच मिळतं.

रेकॉर्डिंगच्या फाइलमध्ये काय असतं

ॲस्किनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये चित्र नसतं, मजकूर असतो. भातखंड्यांच्या स्वरलिपीत लिहिलेली बंदिश आणि त्याच बंदिशीचं ध्वनिमुद्रण यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. लिपी कागदाच्या एका पानावर मावते, आणि गाणारा ती दर वेळी नव्याने गातो. ब्राउझरमधला प्लेअर तसाच फाइल वाचून सगळा पडदा नव्याने रंगवतो.

हे घडतं कसं ते पाहू. आपण टर्मिनलची खिडकी उघडतो तेव्हा आत शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, चालू असतं, बहुधा बॅश किंवा झेडशेल. खिडकी आणि शेल लिनक्सच्या एका सोयीमधून बोलतात, तिला स्यूडो टर्मिनल म्हणतात. शेलला वाटतं की आपल्यापुढे खरंखुरं टर्मिनल आहे. शेल जे काही लिहितं ते बाइट्सच्या एका प्रवाहातून खिडकीकडे जातं. रेकॉर्डिंग सुरू केलं की ॲस्किनेमा आणखी एक स्यूडो टर्मिनल तयार करून त्यात नवं शेल चालवतं आणि स्वतः मधे बसतं. जाणारा प्रत्येक तुकडा ते पडद्यावर पाठवतं, आणि तो कोणत्या क्षणी गेला ते फाइलमध्ये टिपून ठेवतं. कल्पना नवी नाही. युनिक्समधली ‘स्क्रिप्ट’ ही कमांड बीएसडीच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९७९ पासून, टर्मिनलवरचा मजकूर फाइलमध्ये उतरवते आहे.

फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून पाहा. पहिली ओळ शीर्षाची: फॉरमॅटची आवृत्ती, पडद्याची रुंदी आणि उंची, रेकॉर्डिंगची वेळ, कोणतं शेल होतं, अशी माहिती जेसन या मजकुराच्या ठरावीक मांडणीत. त्याखालची प्रत्येक ओळ म्हणजे एक घटना. चौकोनी कंसात तीन गोष्टी असतात: सेकंद, प्रकार सांगणारं एक अक्षर, आणि मजकूर. ‘ओ’ म्हणजे आउटपुट, ‘आय’ म्हणजे इनपुट, ‘एम’ म्हणजे मार्कर, ‘आर’ म्हणजे खिडकीचा आकार बदलला. समजा तुम्ही फायलींची यादी पाहायला ‘एलएस’ टाइप केलं. फाइलमध्ये १.३२ सेकंदाला ‘एल’ ही एक घटना दिसेल, १.५१ सेकंदाला ‘एस’ ही दुसरी. तुम्ही दाबलेलं अक्षर पडद्यावर दिसावं म्हणून शेल ते परत पाठवतं, आणि ते परत आलेलं अक्षर आउटपुट म्हणून नोंदलं जातं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे फार कामी येणार आहे.

रंगही मजकूर म्हणूनच येतात. लाल अक्षरं हवी असतील तर प्रोग्राम आधी एस्केप हे न दिसणारं अक्षर, मग चौकोनी कंस, ३१ आणि ‘एम’ असा संकेत पाठवतो. कर्सर वर न्या, ओळ पुसा, पडदा साफ करा, यांचेही असेच संकेत असतात. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलमुळे ही पद्धत सर्वत्र पसरली आणि आजचं प्रत्येक टर्मिनल ती पाळतं. ब्राउझरमधला प्लेअर म्हणजे असे संकेत समजणारं एक छोटं टर्मिनलच. त्याचा गाभा रस्ट या भाषेत लिहून ब्राउझरला चालवता येणाऱ्या वेबअसेंब्लीत बदललेला आहे.

आता फायद्यांचा हिशेब आपोआप लागतो. ८० गुणिले २४ च्या पडद्यावर १,९२० अक्षरं मावतात. त्यातलं जेवढं बदलतं तेवढंच फाइलमध्ये येतं, म्हणून पाच मिनिटांचं साधं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा काही किलोबाइटांत बसतं. गावाकडच्या अडखळत्या इंटरनेटवर जिथे व्हिडिओ गोल फिरत राहतो, तिथेही हे लगेच उघडतं. मधेच थांबवून पडद्यावरची कमांड निवडायची आणि आपल्या टर्मिनलमध्ये चिकटवायची, हेही जमतं. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मला या शेवटच्या गोष्टीचं मोल सर्वांत जास्त वाटतं.

सर्व्हर खरंच हवा आहे का

हा प्रश्न आधी विचारावा. तुमची स्वतःची वेबसाइट असेल आणि तिच्यावर चार-पाच रेकॉर्डिंग्ज दाखवायची असतील, तर सर्व्हरची गरज नाही. प्लेअरची एक जावास्क्रिप्ट फाइल, एक सीएसएस फाइल आणि रेकॉर्डिंगची फाइल साइटवर ठेवली की काम झालं. डेटाबेस नको, लॉगिन नको, अपडेटची काळजी नको. कॉलेजच्या एखाद्या विषयाचे धडे, एखाद्या प्रकल्पाची कागदपत्रं, यांना एवढं पुरतं.

सर्व्हर हवा तो अनेक माणसं रोज रेकॉर्डिंग करणार असतील तेव्हा. एका कमांडने चढवायचं, लिंक मिळवायची, ती चॅटमध्ये टाकायची, आणि कुणाचं काय आहे, कुणी पाहावं, हे ठरवता यायचं. टर्मिनल चालू असतानाच इतरांना ब्राउझरमध्ये थेट दाखवायचं असेल तरीही सर्व्हर उपयोगी पडतो. ही थेट प्रक्षेपणाची सोय कमांड लाइनच्या तिसऱ्या आवृत्तीत आली. ती आवृत्ती २०२५ मध्ये आली आणि आधीच्या पायथनऐवजी रस्टमध्ये लिहिलेली आहे.

एका गैरसमजाबद्दल मात्र आधीच सांगायला हवं. सर्व्हरवर कुणी काय केलं याचा पुरावा ठेवायला, म्हणजे ऑडिटसाठी, ॲस्किनेमा वापरू नका. रेकॉर्डिंग करायचं की नाही हे वापरणारा ठरवतो, केव्हाही थांबवू शकतो, आणि फाइल साधा मजकूर असल्यामुळे चढवण्याआधी हवी तशी बदलू शकतो. त्या कामासाठी टीलॉगसारखी साधनं आहेत. ती लॉगिन होतानाच नोंद सुरू करतात आणि ती यंत्रणेच्या लॉगमध्ये पाठवतात. ॲस्किनेमा शिकवण्या-दाखवण्यासाठी आहे.

उभारणी

सर्व्हर एलिक्सिर भाषेत, फिनिक्स फ्रेमवर्कवर लिहिलेला आहे. माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये राहते. आपल्याला एलिक्सिर यायची गरज नाही, कारण तयार डॉकर इमेज, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बांधून दिलेला प्रोग्राम, मिळते. एक छोटा व्हर्च्युअल सर्व्हर, त्यावर डॉकर आणि डॉकर कंपोझ, आणि एक उपडोमेन एवढी तयारी पुरे.

कंपोझच्या फाइलमध्ये दोन कंटेनर, म्हणजे इमेजमधून चालणारे दोन वेगळे कप्पे, असतात: एक ॲस्किनेमाचा, एक पोस्टग्रेसचा. पहिल्याला एक व्हॉल्यूम, म्हणजे डेटा टिकवून ठेवणारी जागा, त्यात रेकॉर्डिंगच्या फायली. दुसऱ्याला एक व्हॉल्यूम, त्यात डेटाबेस. पोस्टग्रेस पूर्ण तयार झाल्याशिवाय ॲस्किनेमा सुरू होऊ नये म्हणून हेल्थचेक लावतात. मग पर्यावरण चलं, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स. त्यांची नावं मोठ्या रोमन अक्षरांत असतात आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोअर असतो. खाली मी ती उच्चाराप्रमाणे देतो.

‘सीक्रेट की बेस’ हे पहिलं. किमान ६४ अक्षरांची यादृच्छिक किल्ली लागते. लॉगिनच्या कुकीवर सही करायला ती वापरली जाते. एकदा ठरवली की बदलायची नाही; बदललीत तर सगळ्यांचं लॉगिन उडेल. ती गिटच्या भांडारात टाकू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

दुसरा गट पत्त्याचा: ‘यूआरएल स्कीम’, ‘यूआरएल होस्ट’ आणि ‘यूआरएल पोर्ट’. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबतो. सर्व्हर कंटेनरच्या आत ४००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत असतो. बाहेरून लोक ४४३ वर, एचटीटीपीएसने, तुमच्या उपडोमेनवर येतात. मधे रिव्हर्स प्रॉक्सी असतो, म्हणजे बाहेरची विनंती घेऊन आतल्या सर्व्हरकडे देणारा प्रोग्राम. बाहेर आपलं नाव काय आहे हे सर्व्हरला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. पत्ता दिला नाही तर सर्व्हर छान सुरू होतो, पान उघडतं, रेकॉर्डिंगही चढतं, आणि हातात लिंक मिळते ती लोकलहोस्टची. ती तुमच्याशिवाय कुणाकडेच उघडत नाही. मेलमधल्या लॉगिन लिंकचंही तेच होतं. तेव्हा इथे बाहेरचा पत्ता लिहायचा: स्कीम एचटीटीपीएस, होस्ट म्हणजे उपडोमेन, पोर्ट ४४३. कंटेनरचा ४००० इथे लिहायचा नाही.

तिसरा गट मेलचा. ॲस्किनेमाच्या सर्व्हरवर पासवर्ड हा प्रकारच नाही. तुम्ही ईमेल पत्ता टाकता, मेलवर एक लिंक येते, तिच्यावर क्लिक केलं की आत. त्यामुळे एसएमटीपीचं, म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचं, होस्ट, पोर्ट, नाव आणि पासवर्ड ही चलं नीट भरणं अत्यावश्यक आहे. पुष्कळ क्लाउड कंपन्या नव्या मशीनवरून २५ क्रमांकाच्या पोर्टने मेल बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून ५८७ वापरा. ‘पाठवणारा’ म्हणून जो पत्ता देता त्या डोमेनची एसपीएफ नोंद, म्हणजे त्याच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारी नोंद, बरोबर आहे ना तेही पाहा, नाहीतर लिंक स्पॅममध्ये जाऊन पडते आणि लोक म्हणतात की सर्व्हर बिघडला.

आणि दोन चलं, जी मी पहिल्याच दिवशी लावायला सांगेन. ‘साइन अप डिसेबल्ड’ला होकार दिला की अनोळखी माणूस खातं उघडू शकत नाही. टीममधल्या सगळ्यांची खाती झाली की हे लावा. ‘अपलोड ऑथ रिक्वायर्ड’ला होकार दिला की खात्याशी न जोडलेल्या मशीनवरून रेकॉर्डिंग चढत नाही. ही दोन उघडी ठेवून सर्व्हर इंटरनेटवर आणलात तर परक्यांच्या फायली तुमच्या डिस्कवर साठू लागतील.

आता दारं-खिडक्या. नमुना म्हणून मिळणाऱ्या कंपोझ फाइलमध्ये पोस्टग्रेस बहुधा ‘ट्रस्ट’ पद्धतीवर असतो, म्हणजे जोडणी करणाऱ्याला तो पासवर्ड विचारत नाही. डॉकरच्या आतल्या नेटवर्कपुरतं हे चालून जातं, पण म्हणूनच ५४३२ हा पोर्ट यजमान मशीनवर कधीही उघडायचा नाही. ४००२ वर प्रशासनाचं पॅनेल चालतं, त्यालाही स्वतःचं लॉगिन नाही, तोही बाहेर दिसता कामा नये. इथे एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही: डॉकर जेव्हा एखादा पोर्ट उघडतो तेव्हा आयपीटेबल्सचे, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचे, नियम स्वतःच लिहितो, आणि उबंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या साधनामध्ये तुम्ही तो पोर्ट बंद केला असला तरी तो बाहेरून उघडाच राहतो. उपाय सोपा आहे. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहायचं. मग तो फक्त त्याच मशीनवरून, म्हणजे तुमच्या प्रॉक्सीकडूनच, गाठता येतो.

प्रॉक्सीसाठी नवशिक्याला मी कॅडी सुचवतो. दोन-तीन ओळींत काम होतं, आणि लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र तो स्वतःच आणतो, स्वतःच नूतनीकरण करतो. एन्जिनएक्स आधीपासून चालू असेल तर तोही उत्तम, फक्त दोन ठिकाणी हात घालावा लागतो. त्यात अपलोडची मर्यादा मुळात १ मेगाबाइट असते. छोटी रेकॉर्डिंग्ज सुरळीत चढतात आणि एखाद्या दिवशी लांबलचक बिल्डचं रेकॉर्डिंग ४१३ क्रमांकाची चूक दाखवून परत येतं; ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’ वाढवली की प्रश्न सुटतो. दुसरं, थेट प्रक्षेपण वेबसॉकेटवर चालतं आणि एन्जिनएक्सला त्यासाठी ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ हे हेडर पुढे पाठवायला वेगळं सांगावं लागतं.

आपल्या मशीनला सर्व्हरची ओळख

सर्व्हर चालू झाला, तरी तुमच्या लॅपटॉपवरच्या ॲस्किनेमाला तो माहीत नसतो. काहीच सांगितलं नाही तर दुसऱ्या आवृत्तीपर्यंतचं ॲस्किनेमा सार्वजनिक साइटवर चढवतं. आणि त्या आवृत्तीत फाइलचं नाव न देता रेकॉर्डिंग केलं, तर शेवटी ते विचारतं: एंटर दाबलात तर अपलोड, कंट्रोल-सी दाबलात तर मशीनवरच जतन. सवयीने एंटर दाबला जातो. कंपनीतलं रेकॉर्डिंग बाहेर जाण्याचा हा सर्वांत सोपा रस्ता आहे. तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हर ठरवलेला नसेल तर तो कोणता हे आधी विचारलं जातं. ही फार चांगली सुधारणा आहे. तरीही प्रत्येक मशीनवर सर्व्हरचा पत्ता चलातूनच ठरवून टाका, म्हणजे कुणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून राहावं लागत नाही. दुसऱ्या आवृत्तीत त्या चलाच्या नावात ‘एपीआय यूआरएल’ येतं, तिसऱ्यात ‘सर्व्हर यूआरएल’. टीममध्ये दोन्ही आवृत्त्या असतील तर दोन्ही लावा.

मग ‘ऑथ’ ही उपकमांड चालवायची. ती एक लिंक देते, ती लॉगिन केलेल्या ब्राउझरमध्ये उघडली की ते मशीन तुमच्या खात्याशी जोडलं जातं. यामागे एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, इन्स्टॉल आयडी नावाचा, तुमच्या होम डिरेक्टरीत साठवलेला. तोच तुमचा पासवर्ड समजा: ज्याच्याकडे तो गेला तो तुमच्या नावाने रेकॉर्डिंग चढवू शकतो. सामायिक लॉगिन असलेल्या मशीनवर, जिथे चौघं एकाच ‘रूट’ने शिरतात, तिथून ‘ऑथ’ करूच नका. चौघांची रेकॉर्डिंग्ज एकाच्या नावावर जातील. आपल्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू करावं आणि त्यातूनच एसएसएचने आत जावं, म्हणजे फाइलही आपल्याकडे राहते.

आवृत्त्यांबद्दल अजून एक. नव्या ॲस्किनेमाचा फॉरमॅटही तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्यात वेळ सुरुवातीपासून मोजत नाहीत, आधीच्या घटनेनंतर किती वेळाने ती घडली ते लिहितात. जुना सर्व्हर हा फॉरमॅट ओळखत नाही. म्हणून आधी सर्व्हर अपडेट करा, मग लॅपटॉप. अगदीच अडलं तर ‘कन्व्हर्ट’ने फाइल दुसऱ्या क्रमांकाच्या फॉरमॅटमध्ये बदलता येते.

रेकॉर्डिंग करताना विचार करायला आपण थांबतो, तो वेळही नोंदला जातो. ‘आयडल टाइम लिमिट’ २ सेकंद ठेवलं की लांब थांबे दोन सेकंदांवर येतात. खिडकी फार मोठी ठेवू नका. दोनशे स्तंभांच्या खिडकीतलं रेकॉर्डिंग मोबाईलवर मुंगीच्या पावलांसारखं दिसतं. १०० गुणिले ३० पुरे.

गुपितं कुठून गळतात

सुरुवात दिलासा देणाऱ्या गोष्टीने करू. सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारं साधन, पासवर्ड विचारतं तेव्हा आपण टाइप केलेली अक्षरं पडद्यावर परत येत नाहीत, म्हणून ती आउटपुटमध्ये नसतात आणि रेकॉर्डिंगमध्येही येत नाहीत. याला अपवाद एकच: तुम्ही इनपुट नोंदवण्याचा पर्याय मुद्दाम चालू केला असेल तर कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ, पासवर्डसकट, फाइलमध्ये उतरते. तो पर्याय कामाच्या मशीनवर वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी जे पडद्यावर एक क्षणभर जरी दिसलं, ते फाइलमध्ये कायमचं आहे. पर्यावरण चलं छापली, कॉन्फिगची फाइल ‘कॅट’ केली, कमांडमध्येच टोकन चिकटवलं, आणि वर जाणारा बाण दाबून जुन्या कमांड शोधताना कालची पासवर्ड असलेली ओळ झर्रकन दिसून गेली. डोळ्याला दिसली नसेल, प्लेअरला दिसते. पॉज करून कुणीही वाचू शकतो. कमांड देऊन रेकॉर्डिंग सुरू केलं असेल तर ती कमांड शीर्षाच्या ओळीतही जाते.

चढवण्याआधी तपासायला हवं. आणि इथे तो सुरुवातीचा तपशील आडवा येतो. पुष्कळ जण फाइलवर सरळ ‘ग्रेप’ ही मजकूर शोधणारी कमांड चालवून टोकन शोधतात, काही सापडत नाही, आणि निर्धास्त होतात. हाताने टाइप केलेलं टोकन फाइलमध्ये सलग नसतंच. ते एकेका अक्षराच्या वेगळ्या घटना होऊन पसरलेलं असतं, प्रत्येकाच्या आधी वेळ आणि कंस. ग्रेपला ते दिसणार कसं? त्यासाठी आधी रेकॉर्डिंग साध्या मजकुरात बदलावं आणि मग शोधावं. पण तेवढंही पुरत नाही. टाइप करून बॅकस्पेसने पुसलेलं गुपित अंतिम मजकुरातून नाहीसं होतं, फाइलमध्ये मात्र राहतं. विम किंवा लेससारखे अख्खा पडदा व्यापणारे प्रोग्राम बंद झाले की त्यांचा मजकूरही मागे उरत नाही, पण पाहणाऱ्याला तो दिसलेला असतो. म्हणून दोन्ही करावं: मजकुरात बदलून शोध घ्यावा, आणि तिप्पट वेगाने एकदा पूर्ण चालवून पाहावं. पाच मिनिटांच्या रेकॉर्डिंगला याने दोन मिनिटंही लागत नाहीत.

सापडलंच काही, तर फाइल एडिटरमध्ये उघडून त्या ओळी काढता येतात. दुसऱ्या फॉरमॅटमध्ये वेळ सुरुवातीपासून मोजलेला असल्याने मधे रिकामी जागा राहते, तिसऱ्यात ती आपोआप मिटते. मात्र कर्सर हलवणारे संकेत त्या ओळींत असतील तर पुढचा सगळा पडदा वेडावाकडा दिसू लागतो. अशा वेळी कात्री चालवत बसण्यापेक्षा नव्याने रेकॉर्डिंग केलेलं बरं. दुसऱ्यांदा केलेलं रेकॉर्डिंग बहुधा अधिक नेटकंही होतं.

गुपित चढून गेलं असेल तर आधी ते टोकन रद्द करा, नवं काढा, आणि मग रेकॉर्डिंग पुसा. हा क्रम उलटा करू नका, कारण तोवर कुणी फाइल उतरवून घेतली आहे की नाही ते तुम्हाला कळणार नाही.

दिसण्याचे तीन स्तर सर्व्हरवर असतात. सार्वजनिक रेकॉर्डिंग यादीत येतं. ‘अनलिस्टेड’ यादीत येत नाही, पण ज्याच्याकडे लिंक आहे तो पाहू शकतो. खासगी फक्त मालकाला, लॉगिन करून. मधल्या स्तराला लोक खासगी समजतात आणि तिथे फसतात: लिंक चॅटमध्ये गेली, तिथून मेलमध्ये गेली, की ती कुणाकुणाकडे आहे याचा माग राहत नाही. सर्व्हरच व्हीपीएनच्या आत ठेवलात तर ही चिंता बरीच कमी होते. तेव्हा फक्त प्रमाणपत्राचा प्रश्न उरतो, कारण बाहेरून न दिसणाऱ्या नावाला लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची पडताळणी लागू पडत नाही. डीएनएसच्या नोंदीतून पडताळणी करून घ्यावी लागते.

देवनागरी मजकूर

मराठीत धडे तयार करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. टर्मिनल म्हणजे चौकटींचं जाळं आहे, एका अक्षराला एक चौकट. देवनागरी या हिशेबात नीट बसत नाही. ‘क्ष’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं, संगणकाला ती तीन चिन्हं असतात. काना किंवा वेलांटीला स्वतंत्र चौकट द्यायची की नाही, हे वेगवेगळी टर्मिनल वेगवेगळं ठरवतात. त्यामुळे तुमच्या खिडकीत बरोबर दिसलेली ओळ प्लेअरमध्ये एक-दोन घरं सरकलेली दिसू शकते. फाइलमध्ये मजकूर यूटीएफ-८ मध्ये शाबूत असतो. दोष चौकटींच्या मोजणीचा आणि फॉन्टचा. माझा सल्ला असा: स्पष्टीकरणाच्या मराठी ओळी स्वतंत्र ठेवाव्यात, तक्त्याच्या रकान्यांत मराठी घालू नये, आणि मराठी ओळीवर कर्सर मागे नेऊन दुरुस्ती करत बसू नये. ओळीच्या उजवीकडे काही नसेल तर सरकलेलं कुणाला खटकत नाही. लांब समजावणी तर टर्मिनलमध्ये टाइप करूच नये. ती रेकॉर्डिंगच्या पानावर वर्णनात लिहावी, आणि महत्त्वाच्या टप्प्यांवर मार्कर ठेवून पाहणाऱ्याला थेट तिथे जाता येईल असं करावं.

बॅकअप आणि अपडेट

दोन व्हॉल्यूम आहेत हे विसरलं की इथे घोटाळा होतो. पोस्टग्रेसचा डम्प, म्हणजे डेटाबेसची फाइलमध्ये उतरवलेली प्रत, घेतला आणि फायली राहिल्या, तर परत चढवल्यावर यादी दिसते पण एकही रेकॉर्डिंग चालत नाही. फक्त फायली घेतल्या तर कोणती कुणाची ते समजत नाही. दोन्ही एकाच रात्री, एकामागून एक घ्या: आधी डेटाबेस, मग फायली. त्या क्रमाने घेतलं तर मधल्या काळात चढलेली फाइल फारतर यादीविना उरते, यादीत असून फाइल नाही असं होत नाही. सोबत सीक्रेट की असलेली फाइलही ठेवा. आणि तिमाहीत एकदा दुसऱ्या मशीनवर हे सगळं खरोखर चढवून एक रेकॉर्डिंग चालवून पाहा.

अपडेट करायला नवी इमेज ओढायची आणि कंटेनर पुन्हा सुरू करायचा. ‘लेटेस्ट’ या टॅगवर राहू नका. ठरावीक आवृत्तीचा टॅग लिहा, म्हणजे मशीन रीस्टार्ट झाल्यावर नकळत काही बदलत नाही, आणि बिघडलं तर मागे जायचं कुठे ते माहीत असतं. पोस्टग्रेसच्या टॅगला मात्र असा सहज हात लावायचा नाही. १४ खोडून १६ लिहिलं आणि कंटेनर सुरू केला तर पोस्टग्रेस जुनी डेटा डिरेक्टरी वाचायला नकार देतो आणि बंद पडतो, कारण मुख्य आवृत्ती बदलली की डिस्कवरची मांडणी बदलते. अशा वेळी घाबरून व्हॉल्यूम पुसू नका. डेटा जागेवरच असतो. टॅग पुन्हा १४ करा, सर्व्हर चालू झाला की डम्प काढा, मग रिकाम्या व्हॉल्यूमवर १६ सुरू करून तो डम्प आत भरा. जुना व्हॉल्यूम आठवडाभर तसाच राहू द्या.